सुरतेचे शास्त्रवाचक

सुरतेचा इतिहास लिहिणारे बहुधा तीन गोष्टींपाशी रेंगाळतात: मक्केच्या यात्रेकरूंनी गजबजलेले मोगलांचे बंदर, इंग्रजांची वखार आणि शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या दोन स्वाऱ्या, आणि मराठी वाचकाच्या मनात तर या तिसऱ्या गोष्टीने पहिल्या दोहोंना पार झाकून टाकलेले असते. परंतु एका परक्या धर्मग्रंथाच्या नित्यवाचनाची सवय नवख्या माणसास कशी लागते, या प्रश्नाची जी दीर्घ परीक्षा तापीकाठच्या या शहरात सतराव्या शतकापासून चालली होती आणि जिच्यात एका नामांकित मराठी पंडिताचाही भाग होता, तिच्याकडे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली आहे. तो ग्रंथ म्हणजे बायबल. प्रॉटेस्टंट परंपरेतील त्याची ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय पाहिले म्हणजे नवख्या वाचकाची छाती दडपावी हे स्वाभाविकच आहे. तो मोठ्या उमेदीने उत्पत्तीपासून आरंभ करतो, अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांच्या ओघात निर्गमाच्या मध्यापर्यंत सुखाने वाहत जातो, आणि पुढे निवासमंडपाची मोजमापे व लेवीयातील यज्ञविधी लागले की एके दिवशी ग्रंथ मिटून ठेवतो तो कायमचाच. दोष वाचकाच्या निष्ठेचा असतो असे धर्मोपदेशक सांगतात. सुरतेचा इतिहास मात्र, माझ्या मते, काही निराळेच सांगतो.

विल्यम हॉकिन्सचे जहाज १६०८ साली सुरतेच्या बारापाशी लागले आणि पुढे चारपाच वर्षांत, फर्मानाची खटपट यशस्वी होऊन, तेथे इंग्रजांची वखार कायम झाली. या दोन घटनांच्या दरम्यान, १६११ साली, इंग्लंडात राजा जेम्सच्या आज्ञेने सिद्ध झालेले बायबलाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. वखारीतील शास्त्रवाचन मात्र व्यक्तीच्या लहरीवर सोपवलेले नव्हते. इंग्लंडच्या चर्चचा जो सामान्य प्रार्थनेचा ग्रंथ १५४९ सालापासून चालत आला होता, त्यात वाचनाचे कोष्टकच आखून दिलेले असे: दीडशे स्तोत्रांची संहिता सकाळ-संध्याकाळचे भाग पाडून महिन्याच्या तीस दिवसांत संपवावयाची, जुना करार बव्हंशी वर्षातून एकदा आणि नवा करार अनेकदा वाचून काढावयाचा. आज कोणता अध्याय वाचू, हा नवशिक्याला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न त्या व्यवस्थेत उत्पन्नच होत नसे. १६८९ च्या सफरीने येऊन वखारीचा धर्मोपदेशक झालेल्या जॉन ओव्हिंग्टनने आपल्या प्रवासवृत्तात वखारीतील नित्याच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांचे आणि रविवारच्या उपासनांचे वर्णन करून ठेवले आहे. प्रेसिडेंटापासून नुकत्याच आलेल्या कोवळ्या कारकुनापर्यंत सर्वांनी एका छताखाली राहावे, एका मेजावर जेवावे आणि एकाच प्रार्थनेला बसावे, असा तो शिरस्ता होता.

या शिरस्त्यामागे भक्ती किती आणि दहशत किती, हे सांगणे अवघड आहे. स्ट्रेन्शॅम मास्टर हा पोरसवदा वयात सुरतेस येऊन तेथेच वखारीच्या कारभारात मुरलेला गृहस्थ पुढे बंगालच्या वखारींची व्यवस्था लावण्यास गेला, तेव्हा १६७९ साली त्याने जे नियम घालून दिले त्यांत प्रार्थनेस गैरहजर राहणाऱ्यास दंडाचे कलम होते. दंड भरण्यापेक्षा स्तोत्र ऐकणे परवडते एवढा हिशेब तर व्यापाऱ्याच्या पोरास सहज कळतो! अशा रीतीने लागलेली सवय अंमलदाराची पाठ फिरली की कितपत टिकते, हे ओव्हिंग्टननेच मुंबईतील आपल्या देशबांधवांच्या वर्तनावर जे कडक ताशेरे झाडले आहेत त्यांवरून ताडता येईल. तथापि एक गोष्ट मान्य करावयास हवी की नेमका भाग, नेमकी वेळ आणि सोबतीला माणसे, ही नित्यवाचनाची तीन अंगे या वखारीत प्रथम एकत्र दिसतात. फक्त हे वाचन परभाषेत आणि भिंतींच्या आत होते. बाहेरच्या चौकात बसलेल्या सराफाला अथवा पारशी सुताराला त्याचा गंधही नव्हता.

भिंतींच्या बाहेर जे ख्रिस्ती होते त्यांची रीत वेगळी होती. १६४० च्या सुमारास सुरतेत येऊन राहिलेल्या फ्रेंच कॅपुचिन साधूंपैकी फादर अँब्रोझ यांचा शहरात इतका लौकिक होता की १६६४ च्या धामधुमीत त्यांच्या मठास उपद्रव देऊ नये अशी महाराजांची ताकीद होती, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. परंतु त्यांच्या रोमन कॅथलिक पंथात शास्त्रपठण लॅटिनमध्ये, धर्मगुरूच्या मुखाने व्हावयाचे. सामान्य जनाने ग्रंथ स्वतः उघडून बसावे अशी अपेक्षाच नव्हती. इकडे गोमंतकात फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण देवळांतून रविवारी व सणावारी वाचले जाई, आणि पुराणश्रवणाची सवय अंगी मुरलेल्या आपल्या लोकांस ते ओव्यांतून ऐकणे मुळीच जड गेले नाही. पण सुरतेस कोणी स्टीफन्स लाभला नाही. तेथील एक इंग्रज धर्मोपदेशक हेन्री लॉर्ड याने तर उलटाच उद्योग केला. बनियांच्या आणि पारशांच्या धर्मग्रंथांत काय आहे हे दुभाष्यांच्या साहाय्याने चौकशी करकरून त्याने १६३० साली त्यावर एक पुस्तक छापले. शेजाऱ्याचा ग्रंथ जाणून घेण्याची ही जिज्ञासा, त्याचे निष्कर्ष कितीही चुकीचे असोत, वखारीच्या रोजकीर्दीत उठून दिसते.

छापखान्याचाही एक विलक्षण प्रसंग येथे नमूद केलाच पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा सुप्रसिद्ध सुरती दलाल भीमजी पारेख याने आपले प्राचीन ग्रंथ छापण्याच्या हौसेने विलायतेहून मुद्रक मागवला, आणि त्याप्रमाणे हेन्री हिल्स नावाचा मनुष्य १६७४ साली मुंबईस उतरलाही. परंतु त्यास एतद्देशीय लिपीचे ठसे पाडण्याची विद्या अवगत नसल्यामुळे हा सर्व खटाटोप वाया गेला. गुजराती अक्षरांचा पहिला स्वदेशी छापखाना मुंबईत निघावयास १८१२ साल उजाडावे लागले, आणि तो काढणारे फर्दुनजी मर्झबानही मूळचे सुरतेचेच. भीमजीचा मनोरथ सफल होता तर मुंबई-सुरतेकडे छापलेला पहिला धर्मग्रंथ हिंदूंचा असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१८१३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि मिशनऱ्यांना या मुलखात येण्याची जी वाट आजवर अडवून धरली होती ती मोकळी झाली. त्याच वर्षी मुंबईत बायबल सोसायटीची शाखा निघाली, त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन गृहस्थांनी मुंबईत पाय रोवून मराठी भाषांतराच्या कामास हात घातला, आणि १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी सुरतेस दाखल झाले. या दोघांनी गुजराती शिकून, स्वतःचा छापखाना शहरातच थाटून, १८२१ पर्यंत नवा करार आणि १८२३ पर्यंत जुना करार गुजरातीत छापून काढला. श्रीरामपूरच्या केरी यांच्या मंडळीचा गुजराती नवा करार १८२० साली निघाला होता खरा, परंतु तो बंगालात बसून केलेला. सुरतेचे भाषांतर ज्यांच्याकरिता होते त्यांच्या बाजारात, त्यांची बोली कानांवर पडत असताना झाले. स्किनर यांस आपले काम पुरे झालेले पाहावयास मिळाले नाही. नवा करार छापून झाला त्याच १८२१ साली ते निवर्तले. उरलेला भार विल्यम फायवी आणि पुढे येऊन मिळालेले त्यांचे बंधू अलेक्झांडर यांनी वाहिला.

या उद्योगातील एक बारकावा माझ्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ग्रंथ समग्र छापला गेला तरी नवख्याच्या हाती तो समग्र क्वचितच पडे. कागद महाग, बांधणी महाग, आणि जाडजूड ग्रंथ घेऊन खेडोपाडी हिंडणे अशक्य. म्हणून एकेक शुभवर्तमान, एकेक प्रकरण, चार पानांचे एखादे पत्रक अशा सुट्या भागांनी ते वाचकापर्यंत पोहोचे. गरजेपोटी पत्करलेली ही रीत नवशिक्यास मात्र मोठी उपकारक ठरली. ज्यास केवळ मार्काचे सोळा अध्याय मिळाले त्याच्या वाटेत लेवीयाचे अरण्य आडवे येण्याचा प्रश्नच नव्हता. आठ-पंधरा दिवसांत पुस्तक संपे, आणि एक पुस्तक संपवल्याचे समाधान दुसऱ्याची वासना उत्पन्न करी. कीर्तनकार सबंध भारत एका रात्रीत सांगत नाही. तो एक आख्यान लावतो.

परंतु याच रीतीत एक मोठे न्यूनही होते. बायबल सोसायटीचा नियम असा कडक होता की मूळ वचनांखेरीज टीप अथवा भाष्य म्हणून एक अक्षरही छापावयाचे नाही. निरनिराळ्या पंथांत कलह माजू नये हा त्यातला हेतू. पण ज्यास यरुशलेम कोठे आहे आणि परूशी म्हणजे कोण हे ठाऊक नाही, ज्याने द्राक्षमळा उभ्या जन्मात पाहिला नाही, त्या सुरती वाचकाच्या हाती हे निर्भाष्य पुस्तक ठेवणे म्हणजे त्यास अनोळखी शहराच्या वेशीत सोडून परतण्यासारखेच नव्हे काय? आपल्याकडे कोणताही धर्मग्रंथ असा एकटा कधी आला नाही. पोथीबरोबर पुराणिक आला, मूळाबरोबर टीका आली. त्यामुळे जेथे वाचनाबरोबर शाळा होती, संध्याकाळी समजावून सांगणारा शिक्षक अथवा उपदेशक होता, तेथेच वाचन रुजले. अन्यत्र ती सुंदर छापील पाने वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास गेली, ही तक्रार त्या काळच्या मिशनऱ्यांच्या तोंडी हिंदुस्थानभर ऐकू येते, आणि ती खरी मानण्यास काही प्रत्यवाय दिसत नाही.

आता त्या मराठी पंडिताकडे वळू. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध करून मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षकाच्या नोकरीच्या निमित्ताने सुरतेत वास्तव्यास होते. त्या शहरातील गुजराती शाळेचे मेहताजी दुर्गाराम यांनी १८४२ मध्ये पुस्तकप्रसारक मंडळी काढून शिळाछापाचे यंत्र आणवले होते. १८४४ च्या जून महिन्यात दुर्गाराम, दादोबा आणि त्यांचे स्नेही यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद, भुताखेतांचा बागुलबुवा, विधवांची दुर्दशा यांवर तेथे उघड चर्चा चाले, आणि मांत्रिकांना तर आपले सामर्थ्य सिद्ध करून दाखवण्याचे जाहीर आव्हानच दिले गेले. एकेश्वराची उपासना मानणारी, परंतु कोणताही एक ग्रंथ ईश्वरप्रणीत न मानणारी ही मंडळी मिशनऱ्यांच्या ग्रंथाकडे कशा दृष्टीने पाहत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती त्यास ना वंदन करीत होती ना बहिष्कार घालीत होती. ती वाद करण्याकरिता वाचीत होती. धर्मांतराच्या आशेने वाटलेले पुस्तक धर्मांतर टाळण्याकरिता वाचले जावे, यात विसंगती वाटेल. पण प्रतिपक्षाचा ग्रंथ जितक्या अवधानाने वाचला जातो तितका स्वपक्षाचा वाचला जात नाही, हे वकिलीचा धंदा करणाऱ्या कोणासही विचारावे.

दादोबा १८४६ च्या सुमारास मुंबईस परतले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटास गेले आणि सभा विस्कळित झाली. तथापि दादोबांचे ते वाचन सुटले नाही. मुंबईत त्यांच्या प्रेरणेने परमहंस सभा उभी राहिली; तिच्यातून पुढे त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला. आणि खुद्द दादोबांनी बायबलाचा गूढार्थ सांगणाऱ्या स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर ‘एका हिंदू गृहस्थाचे विचार’ अशा आशयाचे इंग्रजी पुस्तक १८७८ मध्ये लंडनात छापविले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. त्यांचे आत्मचरित्र प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले. त्या काळच्या सुशिक्षितांची धर्मचिंता समजून घेऊ इच्छिणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

याच परमहंस सभेच्या वर्तुळात बेळगावचे बाबा पदमनजी वावरत होते. ते मात्र १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि वर जे निर्भाष्य ग्रंथाचे न्यून सांगितले ते भरून काढण्यास त्यांच्याइतके कोणी झिजले नसेल. नव्या करारावरील त्यांची मराठी टीका हा त्या श्रमांचा पुरावा आहे. नवख्या वाचकाच्या यातना पंडिता रमाबाईंनीही आपल्या साक्षीत प्रांजळपणे सांगितल्या आहेत. कलकत्त्यात त्यांना प्रथम भेट मिळाले ते संस्कृत बायबल. भागवताचे सहस्रावधी श्लोक ज्यांना मुखोद्गत त्या विदुषीला त्या संस्कृताची ठेवणच इतकी चमत्कारिक वाटली की वाचनात वेळ दवडण्यात तिला अर्थ दिसेना. पुढे सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकचे शुभवर्तमान बंगालीत, एका लहानशा पुस्तिकेच्या रूपाने, त्यांना सापडले आणि ते त्यांनी आवडीने वाचले. विद्वत्तेचा मान राखून दिलेला समग्र ग्रंथ बाजूस राहिला आणि सहज हाती लागलेले सुटे पुस्तक वाचले गेले! स्वतः भाषांतरास बसल्या तेव्हा, मला वाटते, हा अनुभव रमाबाई विसरल्या नव्हत्या. केडगावच्या मुक्तिसदनात सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, बाहेर पडले.

सुरतेत दरम्यान चालक बदलले. आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १८४० नंतर काठेवाडात आरंभ करून त्याच दशकात सुरतेचे कामही लंडन सोसायटीकडून आपल्याकडे घेतले. भाषांतराची दुरुस्ती होऊन १८६१ साली गुजराती बायबलाची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि तीच पुढे कित्येक पिढ्यांच्या तोंडी बसली. मिशनरी जोसेफ टेलर यांनी १८६३ मध्ये ‘काव्यार्पण’ हा गुजराती गीतांचा संग्रह केला. चालीवर म्हटलेले वचन न वाचणाऱ्याच्याही जिभेवर राहते, ही गोष्ट आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी अभंगांच्या द्वारे पुढे सिद्ध केलीच. या प्रेस्बिटेरियन लोकांनी आपल्याबरोबर कौटुंबिक उपासनेचा परिपाठ आणला: सायंकाळी दिवा लागला की घरातील कर्त्याने एक अध्याय वाचावा, मुलांनी आळीपाळीने वचने म्हणावीत, आणि मग पाने वाढावीत. वखारीतील प्रार्थनेचे जे कोष्टक एके काळी प्रेसिडेंटाच्या धाकाने चालत होते, ते दोन शतकांनी त्याच शहरातील गुजराती शिक्षकाच्या आणि विणकराच्या घरी, बिनादंडाचे, चालू लागले. शुभवर्तमान वाचून दाखविण्याकरिता घरोघर जाणाऱ्या बायांनी तर हे वाचन अशा माजघरांत नेले की जेथे अक्षरओळख असलेली एकही स्त्री नव्हती. अनेकींनी पुढे अक्षरे गिरवली ती ऐकलेली कथा स्वतः वाचता यावी याच इच्छेने.

वर्षभराच्या वाचनाची कोष्टके आता सर्वत्र मिळतात. त्यांतले सर्वांत नामांकित डंडी येथील तरुण पाळक मॅक्चेन याने १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी आखले. रोज चार अध्याय, म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा. त्याहून साधा हिशेब म्हणजे आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन अध्याय आणि रविवारी पाच; इतक्याने वर्ष सरता सरता ग्रंथ संपतो. हिशेब बिनचूक आहे, पण नवख्याने त्याच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मॅक्चेनची मंडळी बाळपणापासून त्या वचनांवर वाढलेली होती. ज्याचा ग्रंथाशी परिचयच नाही त्याने रोज चार अध्यायांचा वसूल भरावयाचा म्हटले की पहिल्या चुकल्या दिवसाची बाकी दुसऱ्या दिवशी चढते, आठ दिवसांत ती थकबाकी होते, आणि मग कुळाने गाव सोडावे तसा वाचक ग्रंथ सोडतो. सुरतेतील आरंभीच्या वाचकांनी हा मार्ग पत्करला नव्हता. त्यांनी एक लहान पुस्तक घेतले, ते कोणाबरोबर तरी मोठ्याने वाचले, न कळले ते विचारले, आणि वाद करावासा वाटला तेव्हा वादही केला.

सुरतेची ती प्रेस्बिटेरियन मंडळी १९७० साली उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये समाविष्ट झाली. १८२१ आणि १८२३ च्या मुद्रणाच्या प्रती आता दुर्मिळ झाल्या असून विलायतेतील संग्रहांत त्या जितक्या सहज पाहावयास मिळतील तितक्या आपल्या देशात मिळणार नाहीत. परंतु १८६१ नंतरची जुनी बायबले सुरत, वलसाड, अंकलेश्वर येथील ख्रिस्ती कुटुंबांत आणि आपल्याकडे अहमदनगर, नाशिक, मुंबई येथेही अद्याप असण्याचा संभव आहे. त्यांच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी करण्याची चाल होती, आणि समासात वाचनाच्या तिथीही कोठे कोठे टिपलेल्या असतील. ज्यांच्या घरी असा ग्रंथ असेल त्यांनी तो रद्दीत अथवा ओलीत जाऊ देऊ नये; त्या नोंदींची नक्कल करून एखाद्या इतिहास-संशोधन मंडळाकडे पाठवावी, कारण आपल्याकडील सामान्य वाचकाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यास याहून विश्वसनीय दफ्तर मिळणार नाही.